ऐकून घेणे



आपल्या धर्मग्रामातील एक गृहस्थ मागच्या रविवारी मिस्सा संपल्यावर प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद घेऊन आले. त्यांची विधवा बहीण दूर शहरात सरकारी वसाहतीत भाड्याने राहते. छत गळते, वर थकबाकीची नोटीस. तिच्या सहा अर्जांवर आवक क्रमांक आहेत, शिक्के आहेत. उत्तर एकाचेही नाही. (कार्यालयाचे नाव येथे लिहीत नाही.) ते म्हणाले, "फादर, छत गळायचे तेवढे गळो. पण तिला कुणी समोर बसवून विचारलेच नाही."

हे वाक्य माझ्या मनातून जात नाही. निर्णय बदलणार नसेल, तर नुसते ऐकून काय मिळते?

1723 साली इंग्लंडमध्ये हा प्रश्न न्यायालयात आला होता. केंब्रिज विद्यापीठाने डॉ. बेंटली यांच्या पदव्या त्यांचे म्हणणे न ऐकताच काढून घेतल्या होत्या. न्यायमूर्ती फोर्टेस्क्यू यांनी एदेन बागेचा दाखला दिला: देवानेदेखील आदामाला शिक्षा करण्यापूर्वी हाक मारून विचारले. देवाला तर सर्व ठाऊक होते! म्हणजे ते विचारणे माहितीसाठी नव्हते, आदामासाठी होते.

आपल्याकडे हाच विचार मुंबईच्या पदपथावरील झोपड्यांच्या खटल्यात आला. ओल्गा टेलिस या पत्रकार अर्जदारांपैकी एक होत्या. महापालिकेच्या कायद्यातील कलम 314 नुसार नोटिशीशिवाय अतिक्रमण काढता येत होते. ज्यांचा जागेवर हक्कच नाही, ते सुनावणीत सांगणार तरी काय, असा महापालिकेचा सवाल होता. 10 जुलै 1985 रोजी सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्या घटनापीठाने सांगितले, की सुनावणी हा नियम आणि ती न देणे हा अपवाद. ज्याच्याविषयी निर्णय होतो त्याला बोलता येणे, कारण विचारता येणे, याचे स्वतःचेच मोल आहे.

झोपड्या मात्र वाचल्या नाहीत. पावसाळ्यापुरती, 31 ऑक्टोबरपर्यंत मुदत मिळाली. न्यायालयात त्यांची बाजू मांडली गेली, तीच सुनावणी पुरेशी ठरली. येथे मी अडखळतो. ऐकले गेल्याचा मान घेऊन माणूस कोणत्या छपराखाली झोपणार?

तरीही ती गरज खोटी ठरत नाही. म्हाडाच्या कायद्यात घर खाली करण्याचा आदेश काढण्यापूर्वी सक्षम प्राधिकाऱ्याने लेखी नोटीस देऊन खुलासा मागवायचा असतो. त्यावर अपीलही आहे. जानेवारी 2024 पासून म्हाडाने मुंबईच्या मुख्यालयात लोकशाही दिन सुरू केला. जिल्हाधिकारी कार्यालयात तो महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो. अर्ज विहित नमुन्यात, आधी द्यावा लागतो. व्यवस्था चांगली आहे. पण निकाल आधीच टाइप करून ठेवला आणि मग खुर्ची पुढे केली, तर ते ऐकणे कसले? माझ्या मते खरी सुनावणी तिच्या उत्तरावरून ओळखावी. तुमचे अमुक म्हणणे होते, ते अमुक कारणाने मान्य केले किंवा केले नाही, एवढे लिहून मिळाले पाहिजे. हरलेल्यालाही कारण कळले, तर तो पुढे दाद मागू शकतो. "अर्ज निकाली काढला" या तीन शब्दांवर अपील तरी कसे लिहायचे?

2016 आणि 2019 मध्ये गोदावरीचे पाणी सायखेड्यात शिरले, ते आपण पाहिले. पंचनाम्यात काय भिजले ते लिहिले जाते. धान्य कुणासाठी ठेवले होते, हे घरच्या माणसाला विचारल्यावाचून कळत नाही.

आणखी एक सांगायचे राहिले. त्या गृहस्थांचे बोलणे मी दारात, उभ्यानेच ऐकले. घड्याळाकडे दोनदा पाहिले. आज मिस्सानंतर ते पुन्हा येणार आहेत. आपल्यापैकी ज्यांनी सरकारी नोकरी केली आहे, ज्यांना अर्ज लिहिण्याची सवय आहे, त्यांनी कृपया थोडा वेळ थांबावे. सहाही अर्ज तारखेप्रमाणे लावायचे आहेत आणि सातवा लिहायचा आहे.

आपला,
फादर