पुष्याचा पंधरवडा

२५ जुलै २००५, २ ऑगस्ट २०१६ आणि २२ जुलै २०२१. महाड-पोलादपूरच्या माणसाला या तारखा पाठ आहेत. पहिल्या तारखेच्या आगेमागे दासगाव, जुई, कोंडिवते आणि रोहन या गावांवर दरडी कोसळल्या. दीडशेहून अधिक माणसे गेली. देशाला मात्र आठवते ती २६ जुलैची मुंबई आणि सांताक्रूझचा ९४४ मिलिमीटर पाऊस. दुसऱ्या तारखेच्या रात्री मुंबई-गोवा महामार्गावरचा १९२८ सालचा दगडी पूल सावित्री नदीने नेला आणि त्याबरोबर दोन एसट्या गेल्या. तिसऱ्या तारखेला महाड शहर पाण्याखाली होते आणि तळियेची कोंढाळकरवाडी दरडीखाली. एका वाडीतली ऐंशीहून अधिक माणसे त्या दरडीने नेली. त्याच पावसात पोलादपूर तालुक्यातल्या केवनाळे आणि साखर सुतारवाडीतही घरे गाडली गेली.

पंचांग उघडले, तर या तिन्ही तारखा पावसाच्या पुष्य नक्षत्रात किंवा अगदी त्याच्या काठावर सापडतात. माळीणच्या दरडीची ३० जुलै २०१४ ही तारीखही त्यातच पडते आणि इर्शाळवाडीच्या दरडीची १९ जुलै २०२३ त्याच्या उंबरठ्यावर. यात ग्रहताऱ्यांचा काही हात नाही. मृगापासून पडणारा पाऊस तोवर डोंगराच्या अंगात पुरता मुरलेला असतो. खाली काळा पाषाण आणि वर झिजून मऊ झालेल्या दगडमातीचा जाड थर, अशी इथल्या उतारांची घडण आहे. थर पाण्याने भरला की त्याचे वजन वाढते आणि मातीच्या कणांची एकमेकांवरची पकड सुटते. मग एका दिवसाची अतिवृष्टी पुरते. जूनमध्ये तेवढाच पाऊस हाच डोंगर पचवतो, जुलैअखेर त्याला तो पचत नाही.

आता त्या एका दिवसाच्या पावसाचाच स्वभाव बदलला आहे. हवा एक अंश तापली की तिची बाष्प धरण्याची क्षमता सुमारे सात टक्क्यांनी वाढते. अरबी समुद्र तापतो आहे आणि त्याचे बाष्प सह्याद्रीच्या भिंतीला येऊन थडकते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवून दिले की मध्य भारताच्या पट्ट्यात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात तिपटीने वाढल्या. हंगामाची सरासरी पाहून हे कळत नाही. ज्या खोऱ्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तिथल्या डोंगरवाड्यांना एप्रिल-मे महिन्यांत टँकरची वाट पाहावी लागते. सरासरी भरघोस आणि हंडा रिकामा, हे या भागाला नवे नाही. दरडीच्या बाबतीतही सरासरी तितकीच निरुपयोगी आहे. इथे तासांचा हिशेब ठेवायला हवा.

तो ठेवायचा कुठे, हा पुढचा प्रश्न. सावित्री उगम पावते महाबळेश्वरला, साताऱ्यात. सुमारे तेराशे मीटर खाली उतरून ती पोलादपूर आणि मग महाड गाठते. महाडजवळ तिला काळ आणि गांधारी मिळतात, आणि खालून खाडीची भरती येते. म्हणजे हे खोरे वरून रुंद आणि खाली चिंचोळे असे नरसाळेच. २३ जुलै २०२१ च्या सकाळी संपलेल्या चोवीस तासांत महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि दुसऱ्या दिवशी गुरुपौर्णिमा असल्याने उधाणही तोंडावर होते. हवामान खात्याचा लाल इशारा मात्र अख्ख्या जिल्ह्याला दिला जातो. अलिबागच्या किनाऱ्याला आणि पोलादपूरच्या कड्याखालच्या वाडीला एकच रंग! जिल्ह्याच्या हद्दी नकाशावर असतात, पाण्याला फक्त उतार कळतो. महाबळेश्वरच्या पर्जन्यमापकाचा आकडा दर तासाला महाड-पोलादपूरच्या सरपंचाच्या फोनवर यायला हवा.

२०२१ नंतर काहीच झाले नाही, असे नाही. सावित्रीतला गाळ काढण्याचे काम हाती घेतले गेले, पावसाळ्यात महाडला एनडीआरएफची तुकडी तैनात असते. पण तळियेच्या उरलेल्या कुटुंबांना पक्क्या घरांसाठी कंटेनरमध्ये वर्षे काढावी लागली. आपल्याकडे पुनर्वसन दरड कोसळल्यावर सुरू होते. माधव गाडगीळ समितीने २०११ मध्ये आणि कस्तुरीरंगन समितीने २०१३ मध्ये पश्चिम घाटाबद्दल जे सांगितले, त्यावरचा वाद अजून चालूच आहे. दरम्यान रस्त्यासाठी, घरासाठी उताराचा पायथा कापणे थांबलेले नाही.

अशा वेळी हवामानबदल हा शब्द सरकारी तोंडाला फार सोयीचा पडतो. पूर्वी सगळे देवावर ढकलले जाई, आता कार्बनवर. पाऊस वाढवला तो जगाने, हे खरे. त्यात तळियेच्या शेतकऱ्याचा वाटा नगण्य, हेही खरे. पण कोणती वाडी कोणत्या उताराखाली झोपते, हे तहसील कार्यालयाला कळण्यासाठी जागतिक परिषद लागत नाही.

गावकऱ्यांना खुणा ठाऊक असतात. माळावर भेगा पडतात, झाडे कलतात, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ होते, दाराची चौकट आवळते. या खुणा दिसल्यावर माणसांनी जायचे कुठे, याचे उत्तर मात्र तयार नसते. गुरे कुठे बांधायची, म्हाताऱ्यांना कोण उचलणार, शाळेची किल्ली कोणाकडे, याचाही पत्ता नसतो. म्हणून घर सोडायला पाय निघत नाही.

पुष्य दरवर्षी २० जुलैच्या सुमारास लागतो. त्याआधी प्रत्येक ग्रामसभेने धोक्यातल्या घरांची यादी, निवाऱ्याची जागा आणि जबाबदार माणसांची नावे फळ्यावर लिहावीत, आणि तहसीलदाराने त्याखाली सही करावी. एवढे होत नाही, तोवर इथल्या मृत्यूंना नैसर्गिक आपत्ती म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही.