कोंड्याचा मांडा

बियांतून तेल काढले की पेंड उरते आणि कच्चे तेल शुद्ध केले की गाळ उरतो. पेंडेला पूर्वीपासून मोल आहे; ती गुरांच्या आंबोणात जाते, शेतात खत म्हणूनही पडते. गाळाकडे मात्र बराच काळ विल्हेवाट लावण्याची कटकट म्हणूनच पाहिले गेले. आज औषधांच्या आणि पूरक आहाराच्या दुकानांत मिळणाऱ्या कित्येक वस्तूंचा उगम या गाळात आहे.

तेल शुद्ध करणे म्हणजे तेलातून तेलाखेरीजचे सगळे बाहेर काढणे. बीमध्ये मेदाबरोबर फॉस्फोलिपिडे, रंगद्रव्ये, वनस्पतिजन्य स्टेरॉल आणि ई जीवनसत्त्व असते. बीला त्यांची गरज असते: पेशींची आवरणे त्यांतून बनतात आणि साठवलेला मेद खवट होण्यापासून वाचतो. कारखान्याला हवे असते पारदर्शक, बिनवासाचे, टिकाऊ तेल. त्या हेतूने पाहिले की बीची ही शिदोरी मळ ठरते. टाकाऊपणा त्या द्रव्यात नसतो. प्रक्रिया कशासाठी चालली आहे यावर तो ठरतो.

सोयाबीन तेलाच्या शुद्धीकरणात हे टप्प्याटप्प्याने दिसते. पहिल्या टप्प्यात कोमट तेलात थोडे पाणी मिसळतात. फॉस्फोलिपिडे पाणी शोषून फुगतात, तेलातून सुटतात आणि चिकट गोंदासारखी वेगळी होतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीतल्या सोयाबीन गिरण्यांत हा गोंद कुजायचा. 1920च्या दशकात तो निर्वात अवस्थेत वाळवण्याची रीत बसली आणि त्याचे लेसिथिन झाले. हे नाव त्याहून जुने आहे: फ्रेंच रसायनज्ञ थिओडोर गोब्ले यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास अंड्याच्या बलकातून हा पदार्थ वेगळा केला आणि बलकाच्या ग्रीक नावावरून त्याला लेसिथिन म्हटले. आज चॉकलेटच्या वेष्टनावर ‘इमल्सिफायर 322’ असे छापलेले असते, ते हेच. शरीराला लागणारे कोलिनही त्यातून मिळते.

दुसऱ्या टप्प्यात कॉस्टिक सोडा घालून मुक्त मेदाम्लांचा साबण करतात आणि तो काढून टाकतात. या साबणी गाळाला सोपस्टॉक म्हणतात. भाताच्या कोंड्याच्या तेलात या टप्प्यावर मोठी हानी होते. 1954 मध्ये जपानी संशोधकांनी या तेलातून ओरिझॅनॉल वेगळे केले. फेरुलिक आम्ल आणि स्टेरॉल यांच्या जोडणीतून बनलेल्या अनेक संयुगांचे ते मिश्रण आहे. कच्च्या तेलात ते साधारण एक ते दोन टक्के असते. त्याचा गुणधर्म सौम्य आम्लाचा असल्यामुळे सोडा घातला की त्याचा बहुतेक भाग साबणाबरोबर निघून जातो. मग सोपस्टॉकमधून ते पुन्हा काढावे लागते.

कोंड्याची आणखी एक अडचण आहे. भात सडल्याबरोबर कोंड्यातले लायपेज हे विकर मेद तोडू लागते आणि काही तासांत आम्लता वाढते. वेळेवर उष्णता देऊन विकर निकामी केले नाही, तर तेल खाण्याजोगे राहत नाही. गोंदिया-भंडाऱ्यासारख्या भातपट्ट्यात लहान लहान गिरण्या विखुरलेल्या असतात. तिथला कोंडा तेल गाळणाऱ्या कारखान्यात किती लवकर पोहोचतो, यावर पुढचे सगळे अवलंबून असते. कोंड्याचा मांडा करणारी गृहिणी हाताशी असलेला ताजा कोंडा वापरते. कारखान्याला तो ताजेपणा वाहतुकीतून आणि यंत्रातून विकत घ्यावा लागतो.

शुद्धीकरणाच्या पुढच्या, म्हणजे विरंजनाच्या (रंग काढण्याच्या) टप्प्यात तेलात मिसळलेली माती रंगद्रव्ये शोषून घेते. शेवटचा टप्पा वास घालवण्याचा. सुमारे 220 ते 260 अंश सेल्सिअस तापमानाला, जवळजवळ निर्वात अवस्थेत तेलातून वाफ सोडतात. वासाची द्रव्ये वाफेबरोबर निघतात आणि त्यांच्यासोबत ई जीवनसत्त्व व स्टेरॉलही जातात. ही वाफ थंड केल्यावर जो द्राव जमतो, तो हजार किलो तेलामागे काही किलोच भरतो. पण मूळ तेलात जी द्रव्ये अगदी अल्प होती, ती इथे अनेक पटींनी एकवटलेली असतात. गोळा करण्याचे निम्मे काम शुद्धीकरणानेच अनायासे केलेले असते.

पुढचे वेगळे करणे उकळबिंदूंच्या फरकावर चालते. द्रावातल्या मेदाम्लांचा मेथॅनॉलशी संयोग घडवला की ती कमी तापमानाला उडून जातात. उरलेले मिश्रण थंड केले की स्टेरॉलचे स्फटिक होतात आणि ई जीवनसत्त्व अतिनिर्वात ऊर्ध्वपातनाने मिळते. गोळीच्या वेष्टनावर ‘डी-अल्फा’ असेल तर ते असे वनस्पतीपासून आलेले. ‘डीएल-अल्फा’ असेल तर कारखान्यात घडवलेले. घडवलेल्या जीवनसत्त्वात आठ रूपांचे मिश्रण असते, निसर्गातल्यात एकच रूप असते आणि यकृत तेच पसंत करते.

स्टेरॉलचा इतिहास अधिक नाट्यमय आहे. 1940च्या सुमारास शिकागोत रसायनज्ञ पर्सी ज्युलियन काम करत असलेल्या कारखान्यात सोयाबीन तेलाच्या एका प्रचंड टाकीत पाणी शिरले. तेल बिघडले, पण तळाशी पांढरा साका जमला. ज्युलियन यांनी तो ओळखला: ते स्टिग्मास्टेरॉल होते. त्यापासून त्यांनी प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक मोठ्या प्रमाणावर बनवले. स्टेरॉलचा आजचा आहारातला उपयोग वेगळा आहे. आतड्यात ते कोलेस्टेरॉलशी स्पर्धा करून त्याचे शोषण रोखतात. रोज सुमारे 2 ग्रॅम घेतल्यास रक्तातले एलडीएल कोलेस्टेरॉल 8 ते 10 टक्क्यांनी उतरते. मात्र त्यामुळे हृदयविकाराचे झटके कमी होतात, हे सिद्ध झालेले नाही.

बियांचा गाळ तेलकट असतो, ऑलिव्हचा पाणचट. भूमध्य समुद्राभोवतीच्या देशांत फळ भरडून तेल काढताना काळपट, कडू पाणी निघते. ऑलिव्हमधले फिनॉल पाण्यात सहज विरघळतात, म्हणून त्यांचा जेमतेम दोन टक्के भाग तेलात जातो आणि बाकीचा पाण्यात व चोथ्यात. हे पाणी ओढ्यात सोडले तर जीवसृष्टी गुदमरते. स्पेनने 1981 मध्ये ते नद्यांत सोडण्यावर बंदी घातली. रोमन लेखक कॅटोने इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातच या पाण्याचे उपयोग नोंदवले आहेत. खळ्यावर ते शिंपडले की तण उगवत नाही आणि मुंग्या येत नाहीत. ही मारकता ज्या फिनॉलांची, त्यांच्यातलेच हायड्रॉक्सिटायरोसॉल आज अँटिऑक्सिडंट म्हणून काढले जाते. युरोपीय संघाच्या 2012च्या नियमानुसार 20 ग्रॅम ऑलिव्ह तेलात हायड्रॉक्सिटायरोसॉल आणि त्याची संबंधित संयुगे मिळून किमान 5 मिलिग्रॅम असतील, तरच त्या तेलातली पॉलिफिनॉल रक्तातल्या मेदाचे ऑक्सिडीकरणापासून रक्षण करण्यास हातभार लावतात, असा दावा करता येतो. तणाला मारणे आणि मेदाला जपणे ही कामे एकाच कुळातल्या द्रव्यांची. फरक मात्रेचा आणि जागेचा.

मात्रेचा हा मुद्दा काढून घेतलेल्या प्रत्येक द्रव्याला लागू पडतो. वास घालवताना जीवनसत्त्वाबरोबर कीटकनाशकांचे अंशही उडतात आणि त्याच द्रावात एकवटतात. ते काढल्याशिवाय द्राव आरोग्याच्या कामाचा होत नाही. शुद्ध झालेले द्रव्यही बीमधल्यासारखे वागेलच असे नाही. अमेरिकेत 2001 मध्ये सुरू झालेल्या ‘सिलेक्ट’ या चाचणीत 35,000हून अधिक पुरुष होते. ज्यांना रोज 400 एकक घडवलेले ई जीवनसत्त्व दिले गेले, त्यांच्यात प्रोस्टेटचा कर्करोग 17 टक्क्यांनी जास्त आढळला, असे 2011 मध्ये जाहीर झाले. बीमध्ये जे जीवनसत्त्व मेदाला सांभाळते, ते गोळीत मोठ्या मात्रेने घेतल्यावर माणसाला सांभाळेल, हे गृहीत धरता येत नाही.

म्हणून गाळातून गुण वेचण्याच्या या उद्योगासमोर दोन वाटा राहतात. एक, गाळ गोळा करून त्यातली द्रव्ये वेगळी करणे. तिला मोठे कारखाने, निर्वात यंत्रे आणि काटेकोर तपासणी लागते. दुसरी, मुळात गाळात कमी जाऊ देणे. कोंड्याच्या तेलातली मेदाम्ले सोड्याऐवजी वाफेने काढली, तर ओरिझॅनॉलचा मोठा भाग तेलातच राहतो आणि सोपस्टॉकमधून तो परत काढण्याचा खटाटोप वाचतो. पहिली वाट औषधांच्या दुकानाकडे जाते, दुसरी स्वयंपाकघरातच थांबते.