उडती तबकडी आणि मुका शिष्य

कुत्र्याला खेळ शिकविणे हा नीतिविचाराचा विषय कसा, असे पुष्कळ वाचक हसून विचारतील. आमच्या मते तो आहे. ज्या शिष्यास ‘पुरे’ म्हणता येत नाही त्याच्याशी गुरूने कसे वागावे, हा प्रश्न लहान नव्हे.

प्लॅस्टिकची ही तबकडी अमेरिकेत १९५७ पासून ‘फ्रिस्बी’ या नावाने प्रसिद्ध झाली. ५ ऑगस्ट १९७४ रोजी लॉस एंजेलिसच्या डॉजर स्टेडियममध्ये बेसबॉलचा सामना चालू असता अ‍ॅलेक्स स्टाइन हा तरुण आपल्या अ‍ॅशली व्हिपेट या कुत्र्यासह परवानगीवाचून मैदानात उतरला. कुत्रा उंच झेपावून तबकड्या झेलू लागला आणि प्रेक्षक सामना विसरले. स्टाइनला अटक झाली. पुढे १९७५ पासून सलग तीन वर्षे त्याच कुत्र्याने जागतिक स्पर्धा जिंकली. नियमभंग धन्याचा, हे उघड आहे. परंतु कीर्ती कोणाची? कुत्र्यास ठाऊक होते ते दोनच, तो हात आणि ती तबकडी. आनंद त्याचा होता, कीर्ती माणसाची. हे दोन हिशेब एकाच वहीत मांडले की घोटाळा होतो. कारण मग आपल्या टाळ्यांसाठी त्याला आणखी उंच उडविण्याचा मोह आवरत नाही.

शिकविण्याची रीत तशी साधी आहे. प्रथम तबकडी जमिनीवरून घरंगळत सोडावी, मग हळूहळू कमी उंचीवरून फेकावी. पिल्लाची हाडे पक्की होईपर्यंत त्यास उड्या मारू देऊ नयेत. तबकडी मऊ असावी. कठीण कडेने हिरड्या व जीभ फाटते.

खरा प्रश्न पुढेच आहे. कित्येक जण गंमत म्हणून हात उगारतात, पण तबकडी सोडीत नाहीत. कुत्रा वेड्यासारखा धावतो, आणि मंडळी हसतात. हे असत्य म्हणावे काय? शब्द तर उच्चारलाच नाही! पण कुत्रा शब्द ऐकत नाही, हात वाचतो. तेव्हा हाताने केलेली फसवणूक ही त्याच्यापुरती खोटी वाणीच होय. कोणी म्हणेल, आपण मुलांनाही असेच फसवितो. खरे आहे, परंतु मुलाला गंमत कळते आणि उद्या तेही आपल्याला फसविते. कुत्राही तबकडी तोंडात धरून पळतो व आपल्याला दमवितो हे मान्य, पण ती दाखवीत पळतो, लपवीत नाही. शिवाय तबकडी हातातून सुटण्यापूर्वीच धाव घेणे, हेच तर आपण त्याला शिकविलेले असते. ज्या विश्वासावर विद्या उभी राहिली, तोच करमणुकीसाठी खर्च करणे आम्हांस पटत नाही.

त्याचा उत्साह म्हणजे त्याची संमती, असेही मानता येणार नाही. तो दमला तरी धावेल. कुत्र्यास माणसासारखा अंगभर घाम येत नाही. मुख्यत्वे धापा टाकूनच त्याचे शरीर निवते, म्हणून उन्हात जिवावर बेतू शकते. तेव्हा ‘पुरे’ हा शब्द त्याच्या वतीने आपणच उच्चारावयाचा, आणि तोही त्याची हौस शिल्लक असतानाच. तो तबकडी पायाशी आणून ठेवील, शेपटी हलवील, वर पाहील. ती उचलून पिशवीत टाकावी आणि पाण्याचे भांडे पुढे सरकवावे.