बंद खोलीतील रोप

देवाने निर्माण केलेली कोणतीही वनस्पती स्वभावतः वाईट असू शकत नाही. उत्पत्तीच्या पुस्तकाच्या पहिल्याच अध्यायात परमेश्वर बीज देणारी प्रत्येक वनस्पती माणसाच्या हाती सोपवतो आणि आपली निर्मिती चांगली असल्याचे पाहतो. म्हणून गांजाच्या झाडाविषयी बोलताना ख्रिस्ती माणसाने सारा दोष झाडावर टाकून मोकळे होऊ नये. अफूच्या बोंडातून मॉर्फिन निघते, आणि कर्करोगाने तळमळणाऱ्या रुग्णाला तेच मॉर्फिन रात्रीची झोप देते. द्राक्षापासून द्राक्षारस होतो. तो वेदीवरही असतो आणि गुत्त्यातही. तेव्हा रोप कोणते, एवढे विचारून भागत नाही. ते कोण लावतो, कशासाठी लावतो आणि त्याचे ओझे कोणाच्या खांद्यावर पडते, हे विचारावे लागते.

हा प्रश्न आज नव्या रूपात पुढे आला आहे. गांजाची चोरटी लागवड म्हटली की पूर्वी उसाचा फड किंवा मक्याचे शेत डोळ्यांपुढे येई. आता कपाटाएवढ्या जागेत, विजेच्या दिव्यांखाली, घरातल्या घरात रोपे वाढवण्याचे बेत सुशिक्षित तरुण करू लागले आहेत. नोव्हेंबर २०२४ मध्ये बंगळूरमधील एका दांपत्याने घराच्या सज्जातील कुंड्यांचे चित्रण हौसेने लोकांना दाखवले. त्यांत गांजाची रोपे दिसली आणि पोलीस दाराशी आले. त्याच महिन्यात दिल्लीजवळच्या ग्रेटर नोएडा येथे एका सदनिकेत दिव्यांखाली वाढवलेल्या कुंड्या सापडल्या. पहिल्या घटनेत भाबडेपणा अधिक दिसतो, दुसरीत व्यापार. परंतु दोन्हींच्या मुळाशी एकच धारणा आहे : माझे घर, माझी कुंडी, माझे रोप, यात दुसऱ्याचे काय जाते?

या धारणेची परीक्षा आपण भोर आणि वेल्हे या डोंगरी मुलखात करून पाहू. भोर हे पंतसचिवांचे संस्थान १९४८ साली विलीन झाले आणि हा भाग पुणे जिल्ह्यात आला. शेजारच्या वेल्हे तालुक्यात राजगड आणि तोरणा उभे आहेत. २०२४ साली राज्य मंत्रिमंडळाने या तालुक्याला राजगड हे नाव देण्याचा निर्णय घेतला. पाऊस धो धो पडणारा, जमीन उताराची, खाचरांत भात आणि वरकस रानात नाचणी, वरई. घरटी एखादा माणूस पुण्याला किंवा मुंबईला पोटासाठी गेलेला. आणि अलीकडे उलट दिशेने शहराचा माणूस इकडे येतो, डोंगराच्या कुशीत गुंठे-दोन गुंठे घेतो, टुमदार घर बांधतो आणि शनिवार-रविवारी राहायला येतो.

असे समजू या की अशाच एका तरुणाने गुंजवणीच्या खोऱ्यात घर बांधले आहे. मागच्या खोलीत तो कापडी तंबू उभारण्याचा, दिवे टांगण्याचा, पंखा बसवण्याचा आणि वास बाहेर फुटू नये म्हणून हवा कोळशाच्या गाळणीतून सोडण्याचा बेत आखतो. विकायचे नाही, कोणाला द्यायचे नाही. आपल्यापुरती चार रोपे. तो गुंड नाही, चांगल्या घरचा आहे, कदाचित आपल्याच धर्मग्रामातला आहे. त्याचे म्हणणे नीट ऐकून घेतल्याशिवाय त्याला उत्तर देण्याचा आपल्याला अधिकार नाही.

त्याचे म्हणणे अगदीच पोकळ नाही. ब्रिटिश सरकारने १८९३ साली नेमलेल्या हेम्प ड्रग्ज आयोगाने पुढच्याच वर्षी अहवाल दिला. त्यात भांग-गांजाच्या माफक सेवनाने फारशी हानी होत नाही, अतिसेवन मात्र घातक आहे, असा निष्कर्ष होता. आयोगाने संपूर्ण बंदीची नव्हे, तर कर आणि नियंत्रणाची शिफारस केली होती. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातही झाडाच्या फुलोऱ्याला गांजा म्हटले आहे. फुलोऱ्याविना असलेली पाने त्या व्याख्येत येत नाहीत, म्हणून भांगेला वाट राहिली. डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने गांजाला सर्वांत कडक सूचीतून वगळले, तेव्हा भारताने त्या बाजूने मत दिले. केंद्र सरकारने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या सर्वेक्षणानुसार देशात सुमारे १६ कोटी लोक दारू पितात, तर भांग-गांजा घेणारे सुमारे ३.१ कोटी आहेत. दारूचा परवाना मिळतो आणि कुंडीतल्या रोपाला तुरुंग, ही विसंगती त्याला खुपते. संत थॉमस अक्वायनस यांनी मानवी कायद्याविषयी लिहिताना म्हटले आहे की, कायद्याने प्रत्येक दुर्गुणावर बंदी घालू नये. ज्यांनी इतरांना इजा होते अशा गंभीर गोष्टींवरच मुख्यत्वे घालावी. आपला तरुण म्हणेल, संतच माझ्या बाजूने आहेत.

पण त्याच संतांनी नशेविषयीही लिहिले आहे. जाणूनबुजून आपली विवेकशक्ती गमावून बसणे हे त्यांना पाप वाटते, कारण सदाचरणाची वाट माणूस त्याच विवेकाच्या उजेडात चालतो. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथोलिक धर्मशिक्षणग्रंथानेही उपचाराचे कारण वगळता अमली पदार्थांचे सेवन हा गंभीर अपराध मानला आहे आणि त्यांच्या चोरट्या उत्पादनाला दुष्कर्मातील सहभाग म्हटले आहे. ख्रिस्तसभेची ही शिकवण स्पष्ट आहे. तरीही केवळ आज्ञा सांगून तरुण मन वळत नाही. आज्ञेमागचा अर्थ त्याच्या त्या खोलीतच उलगडून दाखवावा लागतो.

त्या खोलीकडे पाहू. दार बंद असणे हे स्वतःच वाईट नाही. प्रभू येशूने प्रार्थनेसाठी आपल्या खोलीत जाऊन दार लावून घ्यायला सांगितले. छळाच्या काळात ख्रिस्ती माणसे बंद दारांमागे एकत्र जमली. मग या बंद दारात आणि त्या बंद दारात फरक कोणता? माझ्या मते फरक हा की, खासगी गोष्टीचे ओझे ती करणारा स्वतः वाहतो. चोरट्या गोष्टीचे ओझे इतरांना वाहावे लागते, आणि तेही न विचारता. प्रार्थना करणाऱ्याचे दार कोणी धाडकन उघडले तर तो गुडघ्यांवर सापडेल, एवढेच. त्याच्यामुळे दुसरा कोणी आरोपी होणार नाही.

आता आपल्या तरुणाच्या रोपांना सोमवार ते शुक्रवार पाणी कोण घालणार? गावातला राखणदार. त्याला सांगितले जाईल, "औषधी झाडं आहेत, मामा, कोणाला बोलू नका." मामा बोलणार नाहीत, कारण महिन्याचा पगार त्या घरातून येतो आणि मालकाच्या शब्दावर त्यांचा विश्वास आहे. कायद्यात मात्र गांजाच्या लागवडीला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. रोपे चार की चारशे, असा भेद त्या कलमात नाही. समजून-उमजून आपले घर अशा कामासाठी वापरू देणाराही शिक्षेस पात्र ठरतो. म्हणजे मुलाच्या हौसेकडे कानाडोळा करणारी आईसुद्धा. आणि ज्याच्या ताब्यात झाडे सापडली, त्यालाच आपले निरपराधित्व पटवून द्यावे लागते. धाड पडेल त्या दिवशी मालक पुण्यात असेल. दाराशी मामा असतील. वकील कोणाला लगेच मिळेल आणि पुण्याच्या न्यायालयाच्या पायऱ्या कोण वर्षानुवर्षे झिजवील, हे सांगायला नको. "यात दुसऱ्याचे काय जाते?" या प्रश्नाचे उत्तर इथे एका माणसाच्या रूपाने समोर उभे राहते. कायदा चुकीचा आहे असे मानणाऱ्यालाही हे उत्तर टाळता येत नाही. कायदा जितका कठोर मानावा, तितके दुसऱ्याला त्याच्या तोंडी देणे अधिक क्रूर ठरते.

शिवाय त्या खोलीतले विचित्र अर्थशास्त्र पाहा. बाहेर ऊन फुकट, पाऊस फुकट. आणि आत सूर्याला दाराबाहेर ठेवून वीज विकत घेतलेली. योहानच्या शुभवर्तमानात निकदेमाशी बोलताना प्रभू प्रकाश टाळणाऱ्यांविषयी सांगतो. इथे तर दिव्यांचा झगझगाट आहे, तरीही ती खोली अंधारातच आहे, कारण तिथला उजेड फटीतूनही बाहेर पडू नये याची काळजी घ्यावी लागते. अशा घरात पाहुणा आला की मन दचकते, मुलाने दार ढकलले की आवाज चढतो. घरातील लहानांना आपण शिकवत नाही ते धडे अशा वेळी ते शिकतात.

या युक्तिवादाची खरी कसोटी मात्र वेदनेपाशी लागते. हौस नसून घरात कर्करोगाने पिडलेली आई असेल तर? गांजातील द्रव्यांनी तिला आराम पडेल असे मुलाला प्रामाणिकपणे वाटत असेल तर? त्याला सहज दोषी ठरवणाऱ्याने अशा आजाऱ्याच्या उशाशी एक रात्र काढून पाहावी. वेदनाशमनाला ख्रिस्तसभेने कधी पाप म्हटलेले नाही. १९५७ साली पोप बारावे पायस यांनी वेदना कमी करण्यासाठी गुंगीकारक औषधे देणे नैतिकदृष्ट्या योग्य असल्याचे स्पष्ट केले. त्यामुळे आयुष्य नकळत थोडे कमी झाले तरी हेतू वेदनाशमनाचाच असल्यास ते मान्य आहे, असेही सांगितले. म्हणजे मुलाचा हेतू शुद्ध आहे. अडचण उपायात आहे. घरी वाढवलेल्या रोपात द्रव्य किती, मात्रा किती, आईच्या इतर औषधांशी त्याचे जमेल का, हे त्या तंबूत कोणी सांगू शकत नाही. वेदनेला हवा असतो वैद्य, आणि वैद्यापर्यंत पोहोचण्याची वाट.

ती वाट कशी तयार होते, याचे उदाहरण आपल्या देशातच आहे. १९८५ च्या कायद्यानंतर परवान्यांच्या जाळ्यात मॉर्फिन रुग्णांना जवळजवळ मिळेनासे झाले होते. केरळमधील डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्यासारख्या उपशामक सेवेतील डॉक्टरांनी वर्षानुवर्षे उघडपणे अर्ज केले, शासनाला पटवले, न्यायालयात दाद मागितली; आणि २०१४ साली संसदेने कायद्यात दुरुस्ती केली. त्यांनी पळवाट काढली असती तर मोजक्या रुग्णांना आराम पडला असता. त्यांनी वाट बांधली, म्हणून ती अनोळखी रुग्णांनाही खुली झाली. ज्याला कायदा अन्यायाचा वाटतो त्याने त्याविरुद्ध उजेडात उभे राहावे आणि त्याची किंमत स्वतः मोजावी. ती मामांकडून वसूल करू नये.

संत पौलाने करिंथकरांना मूर्तींना वाहिलेल्या मांसाविषयी लिहिले, तेव्हा त्याने मांसाला दोष दिला नाही. माझ्या मोकळीकीमुळे दुबळ्या बंधूला अडखळण होत असेल तर ती मोकळीक मी वापरणार नाही, अशी त्याची भूमिका होती. आपल्यातले दुबळे बंधू कोण, हे फादर ज्यो परेरा यांनी १९८१ साली मुंबईत सुरू केलेल्या कृपा फाउंडेशनमध्ये किंवा १९८६ पासून पुण्यात चाललेल्या मुक्तांगणमध्ये गेल्यावर कळते. गांजा ओढणारा प्रत्येक जण तिथे पोहोचत नाही, हे खरे. पण पहिल्या झुरक्याच्या वेळी आपण तिथे पोहोचणाऱ्यांपैकी आहोत की नाही, हे कोणालाच ठाऊक नसते. आणि कोवळ्या वयात, विशेषतः तीव्र गांजाने, मनाचा तोल ढळण्याचा धोका वाढतो, असे मानसोपचारशास्त्रातील अभ्यास सुचवतात.

तेव्हा त्या तरुणाला आपण काय सांगावे? पोलिसांचा धाक घालू नये. धाकाने कुलूप तेवढे अधिक मजबूत होते. त्याला एवढेच विचारावे : हे सारे तू मामांना खरे नाव घेऊन सांगू शकशील का? शिक्षेसकट सांगू शकशील का? आणि ते ऐकून मामा "नको" म्हणाले, तर थांबशील का? ज्या कृत्याबद्दल हे तीन प्रश्न विचारवत नाहीत, ते कृत्य आपल्यापुरते उरलेले नसते. आणि हे विचारण्याचा अधिकार आपल्याला हवा असेल, तर त्याच्या आठवड्याच्या पाच थकलेल्या संध्याकाळी आपण, त्याचे धर्मग्राम, कुठे होतो, हेही आपण स्वतःला विचारले पाहिजे. ज्याच्या घरी माणसे येत-जात असतात, त्याला मागच्या खोलीला कुलूप लावण्याची गरज सहसा पडत नाही.