काट्यावर न चढणारे वजन

नंदुरबारच्या बाजार समितीत ओली लाल मिरची येऊ लागली की काट्याला दिवसभर उसंत नसते. पोते काट्यावर चढते, मापाडी आकडा पुकारतो, पट्टी लिहिली जाते, हमाली आणि तोलाईचा हिशेब लागतो. मग मिरची पथारीवर पसरली जाते आणि शहराच्या कडेची मोकळी राने लाल होतात. किलोभर इकडे-तिकडे झाले तर शेतकरी हरकत घेतो आणि व्यापारीही घेतो. ते योग्यच आहे. मालाच्या वजनावर दोघांचीही पोटे अवलंबून आहेत.

फाटकाबाहेर, रस्त्याच्या डाव्या कडेने, एक सायकल चाललेली असते. कॅरिअरवर आडवी दोन पोती, जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी करकचून बांधलेली. दांडीवर तिसरे गाठोडे, हँडलला दोन पिशव्या. सीटवर कोणी नाही. माणूस बाजूने पायी चालतो, एक हात हँडलवर आणि दुसरा पोत्यावर. त्या पोत्यांचे वजन कधीतरी झाले असेल किंवा पुढे होईल. पण या माणसाने किती ओझे किती अंतर ओढले, हे कोणत्याच पट्टीवर लिहिले जात नाही.

1 जुलै 1998 रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात दोन भूगोल नांदतात. तापीच्या खोऱ्यात शहादा, नंदुरबार, तळोद्याकडची सपाटी, आणि उत्तरेला धडगाव-अक्कलकुव्याचा उभा सातपुडा. डोंगरात ओझे डोक्यावर आणि खांद्यावर चालते. चांदसैली घाटात दरड कोसळून रस्ता बंद झाल्यावर एका माणसाला आजारी पत्नीला खांद्यावर घेऊन चालावे लागले आणि ती वाचली नाही, ही सप्टेंबर 2021 मधली गोष्ट आहे. ज्या वाटांवर चाकच जात नाही, तिथे सायकलीची चर्चासुद्धा चैन ठरते. सपाटीवर मात्र सायकल माणसाला खरोखर हात देते. ऑक्सफर्डच्या एस. एस. विल्सन यांनी 1973 मध्ये मांडलेला हिशेब प्रसिद्ध आहे: तेवढेच अंतर कापायला पायी चालण्याच्या तुलनेत सायकलीवर साधारण पाचवा हिस्सा शक्ती लागते. मोटारसायकली आता पाड्यापाड्यांवर पोहोचल्या आहेत, हे खरे. तरीही रोजच्या पेट्रोलचा खर्च ज्याला पेलत नाही, त्याच्यासाठी हा पाचवा हिस्सा म्हणजे दिवसातून एक खेप जास्त.

पण हा हिशेब सपाट, डांबरी रस्त्याचा आहे. चढ लागला की सायकल आपला उपकार परत मागते. वीस फुटांना एक फूट असा साधाच चढ धरू. वीस किलोची सायकल आणि शंभर किलोचा माल, म्हणजे एकशे वीस किलोचा विसावा भाग, सहा किलोचा जोर, प्रत्येक पावलाला, चढ संपेपर्यंत. श्वास घ्यायला थांबले तरी तो जोर सोडता येत नाही. सोडला तर सायकल मागे सरकते. उतारावर तेच सहा किलो पुढे ओढतात आणि ते अडवायला असतात ब्रेकचे झिजलेले रबर आणि चपलेचे तळवे. माल मागच्या चाकाच्याही मागे लोंबत असेल तर पुढचे चाक हलके होते आणि हँडल हातात राहत नाही. म्हणून जाणती माणसे जड पोते शक्य तितके खाली आणि पुढे बांधतात. ही विद्या कोणत्याच शाळेत शिकवली जात नाही. एकदा भर रस्त्यात सायकल कलंडली आणि धान्य मातीत गेले की ती येते.

जगात हे इतरत्रही घडले आहे. 1954 मध्ये दिएन बिएन फूच्या लढाईसाठी व्हिएतनामी हमालांनी जंगलातून सायकलींवर रसद वाहिली. एकेका सायकलीवर दोनशे किलो आणि त्याहून जास्त. हँडलला एक बांबू, सीटच्या नळीत दुसरा, आणि माणूस पायी. झारखंडच्या कोळसापट्ट्यात आजही जवळजवळ त्याच रीतीने दोन-दोनशे किलो कोळसा सायकलीवर लादून माणसे मैलोन् मैल ढकलत नेतात. दिएन बिएन फूच्या हमालांचे पराक्रमी म्हणून गोडवे गायले गेले. झारखंडच्या हमालांना वाटेत अडवले जाते. अंगातून निथळणारा घाम दोघांचा सारखाच.

कायद्याने ओझ्याचा विचार केलाच नाही, असे म्हणता येणार नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 1967 मध्ये केलेल्या शिफारशीत प्रौढ पुरुष कामगाराने वाहायच्या ओझ्याची मर्यादा 55 किलो सांगितली आहे. महाराष्ट्राने 1969 मध्ये माथाडी कायदा केला आणि डोक्यापाठीवर पोती वाहणाऱ्यांना नोंदणी, मजुरीची हमी आणि मान दिला. या राज्याला अभिमान वाटावा असे ते काम आहे. पण 1967 च्याच श्रम करारात ओझे वाहणे म्हणजे काय, याची व्याख्या बारकाईने वाचावी. ज्या ओझ्याचा संपूर्ण भार एका कामगाराच्या अंगावर येतो, तेवढेच त्यात मोजले आहे. सायकलीचा भार जमिनीवर येतो, चाकांमधून. म्हणजे सायकल उभी आहे तोवर ओझे चाकांचे. ती चढावर थांबली, खड्ड्यात कलंडली, पंक्चर झाली की ओझे माणसाचे. आणि स्वतःचा माल स्वतःच नेणारा तर कोणाचाच हमाल नाही. त्याला मालक नाही, त्यामुळे त्याच्या पाठीसाठी जबाबदार धरावा असा कोणी माणूसही नाही.

एका कायद्यात मात्र सायकलीचे नाव आले होते. वनहक्क कायद्याचे नियम 1 जानेवारी 2008 रोजी राजपत्रात आले. गौण वनोपज गोळा करणाऱ्याला ते कसे नेता येईल, हे सांगताना त्यात तीन साधने नावानिशी लिहिली होती: डोक्यावरचा भारा, सायकल आणि हातगाडी. मोटारगाडीला वाहतूक परवान्याचे जुने नियम कायम. सातपुड्यातल्या माणसाच्या दृष्टीने ही ओळ वाचली तर तिच्यात दोन गोष्टी दिसतात. मोहाची फुले, चारोळी, डिंक घेऊन निघालेल्या सायकलस्वाराला आपण चोर नाही, असे कागदाच्या आधारे म्हणता आले. हा मोठा दिलासा होता. पण त्याच ओळीत त्याच्या पोटाची मर्यादा त्याच्या अंगातल्या ताकदीने आखली होती. जेवढे शरीराला ढकलता येईल तेवढी उपजीविका. त्याहून जास्त झाले, गाडीत घातले, की संशय. जंगल राखण्यासाठी गरिबाचे शरीरच कुंपण म्हणून वापरणे न्यायाचे नव्हते. 6 सप्टेंबर 2012 च्या दुरुस्तीने ते तिन्ही शब्द काढले आणि जंगलात व जंगलाबाहेर योग्य त्या साधनाने वाहतूक करण्याचा हक्क दिला. गावाने एकत्र येऊन टेम्पो ठरवला तर तो आता गुन्हा नाही, हे प्रत्येक पाड्यावर वाचून दाखवले पाहिजे.

मुलींच्या सायकलींचेही असेच: दिलासा मिळतो, पण ओझे सुटत नाही. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू विद्यार्थिनींना सायकलीसाठी अनुदान मिळते आणि नंदुरबार या कार्यक्रमातल्या सुरुवातीच्या जिल्ह्यांपैकी आहे. सायकलीने काय होते, ते बिहारने दाखवून दिले आहे. 2006 मध्ये तिथे मुलींना सायकली देण्याची योजना सुरू झाली आणि कार्तिक मुरलीधरन व निशीथ प्रकाश यांच्या अभ्यासात माध्यमिक शाळेतला मुलींचा प्रवेश 32 टक्क्यांनी वाढल्याचे दिसले. दप्तराच्या ओझ्यावरही नियम आहे: विद्यार्थ्याच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नको, आणि 2020 च्या दप्तर धोरणानुसार नववी-दहावीला अडीच ते साडेचार किलो. शाळेत जाताना हे जमते. परतताना त्याच सायकलीवर रेशनचे धान्य, गिरणीतले पीठ, गुरांचा चारा चढतो. घरातले एकमेव चाक तिचे असेल तर ते घराच्या कामी येणारच. आईबापांना त्यासाठी बोल लावता येत नाही. मात्र दप्तराचे वजन इतके नेमके सांगणाऱ्या शासनाने रेशनचे दुकान आणि गिरणी तिच्या घरापासून किती दूर आहे, हेही पाहायला हवे.

आता पुन्हा बाजाराकडे. सायकलीवरचे ओझे कोणी मोजत नाही, असे वर म्हटले, ते पुरते खरे नाही. एक माणूस ते अचूक मोजतो, तो म्हणजे संध्याकाळचा गिऱ्हाईक. सकाळी भाजीची पाटी भरलेली असते तेव्हा विकणारा भावाला धरून असतो. दिवस कलला, सायकलीवर अजून पंधरा-वीस किलो माल उरला, की तो वारंवार रस्त्याकडे बघू लागतो. घर दहा-बारा किलोमीटर दूर आहे. उरलेला माल परत न्यायचा म्हणजे तेच ओझे दुसऱ्यांदा ढकलायचे, अंधारात, उपाशीपोटी, आणि उद्या तो माल शिळा. गिऱ्हाइकाला हे कळते. म्हणून तो संध्याकाळी येतो आणि निम्म्या भावात मागतो. त्या घासाघिशीत मालाचा दर्जा कुठेच नसतो. तिथे भाव ठरतो तो विकणाऱ्याच्या थकलेल्या पायांचा. ज्या वजनाची हमाली त्याला कोणी दिली नाही, तेच वजन त्याच्या किमतीतून वजा केले जाते.

घासाघीस हा बाजाराचा स्वभाव आहे आणि पैसे वाचवण्याची गरज खरेदी करणाऱ्या घरालाही असते, हे मान्य. परंतु भाजी कोमेजली म्हणून भाव कमी मागणे वेगळे, आणि समोरच्याला ती परत नेणे झेपणार नाही म्हणून कमी मागणे वेगळे. पहिला सौदा आहे. दुसरी अडवणूक आहे, मग ती पाच रुपयांची का असेना.

रस्त्यावरही हेच चालते. उसाच्या हंगामात अंकलेश्वर-बऱ्हाणपूर महामार्गावर भरलेल्या ट्रॉल्या धावतात आणि लादलेला सायकलस्वार डांबराच्या अगदी काठावर सरकतो. मागून जोराचा हॉर्न आला की तो दचकून साइडपट्टीवर उतरतो. डांबर आणि मुरूम यांत चार बोटांची पायरी असते. रिकामी सायकल ती सहज उतरते. शंभर किलोची उतरत नाही, आडवी होते. त्याला मागे वळून बघता येत नाही, कारण मान वळवली की हँडल वळते. त्याला पटकन थांबताही येत नाही. गाडीवाल्याला ब्रेकवर पाय ठेवून दहा सेकंद मागे राहता येते.

म्हणून, प्रकाशा गावाजवळच्या पुलाकडे जाताना किंवा कोणत्याही गावच्या रस्त्यावर अशी सायकल पुढे दिसली तर हॉर्न न वाजवता वेग कमी करा आणि समोरचा रस्ता मोकळा झाल्यावर लांबून वळसा घेऊन पुढे जा. आणि संध्याकाळी बाजारातून परतताना, कॅरिअरवर उरलेल्या मालाशेजारी कोणी उभे असेल, माल चांगला असेल आणि तो आपल्याला हवा असेल, तर त्याला सकाळचाच भाव द्या.