वेरोनिकाचा रुमाल आणि आपला कॅमेरा



आमच्या कचेरीच्या भिंतीवर गेली काही वर्षे एक फोटो होता. आपल्यापैकी अनेकांनी तो पाहिला असेल. इटलीतल्या व्हितेर्बो या जुन्या गावी, संत रोझाच्या चर्चमध्ये, काचेच्या पेटीत ठेवलेल्या संतेच्या देहासमोर एक वृद्ध बाई गुडघे टेकून रडत आहे आणि बाजूचा उजेड तिच्या गालावर पडला आहे. फोटो आम्हीच काढला होता. येणारेजाणारे त्याचे कौतुक करीत आणि खरे सांगायचे तर ते कौतुक आम्हाला आवडे. मागच्या महिन्यात आम्ही तो फोटो भिंतीवरून उतरवला. का उतरवला, असे काहींनी विचारले. त्याचे उत्तर आज येथे देत आहोत, कारण हा प्रश्न आमच्या एकट्याचा नाही. आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे.

आधी त्या गावाविषयी थोडे सांगतो. व्हितेर्बो रोमच्या उत्तरेला आहे. जुनी तटबंदी, दगडी जिने, अरुंद बोळ आणि घराघरांच्या दारात फुलांच्या कुंड्या. तिथे दर वर्षी ३ सप्टेंबरच्या रात्री संत रोझाचा उत्सव होतो. १२५८ साली पोप चौथे अलेक्झांडर यांच्या आज्ञेने या तरुण संतेचा देह मिरवत नेऊन दुसऱ्या चर्चमध्ये ठेवण्यात आला, त्याची ही आठवण. सुमारे तीस मीटर उंचीचा, दिव्यांनी उजळलेला मनोरा शंभराहून अधिक माणसे खांद्यावर घेऊन गावातून चालतात. मनोऱ्याचे वजन पाच टनांच्या आसपास असते. वाहणाऱ्यांचा पोशाख पांढरा आणि कमरेला तांबडा पट्टा. रस्त्यावरचे दिवे त्या वेळी मालवलेले असतात. खांद्यावरून मनोरे वाहण्याच्या इटलीतल्या अशा चार गावांच्या प्रथांना युनेस्कोने २०१३ साली मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशात स्थान दिले.

आम्ही गर्दीत उभे होतो आणि आम्हाला सोलापूर आठवले. श्री सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा आपण सगळ्यांनी पाहिली आहे. संक्रांतीच्या दिवसांत पांढऱ्या बाराबंदीतले मानकरी सात नंदीध्वज घेऊन निघतात. सुमारे तीस फूट उंचीची काठी एक माणूस कमरेशी टेकवून पेलतो, तो थकला की दुसरा पुढे होतो. त्यासाठी कितीतरी आधीपासून सराव चालतो. अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक, सम्मती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा, मग होम. पाहणाऱ्याला दिवे आणि काठ्या दिसतात, पेलणाऱ्याला वजन कळते. व्हितेर्बोतही तसेच होते. धर्म वेगळा, कथा वेगळी, पण खांद्यावर भार घेतलेल्या माणसाचा चेहरा दोन्हीकडे सारखाच असतो. दुसऱ्या धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे ते ख्रिस्तसभा नाकारत नाही, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली स्पष्ट सांगितले आहे. त्या रात्री आम्हाला त्या वाक्याचा अर्थ थोडा अधिक उमगला.

तर अशा त्या गावी आम्ही दोन दिवसांत शेकडो फोटो काढले. कमानी, कारंजी, खिडकीत वाळत घातलेले कपडे, बाकावर बसलेले म्हातारे. उत्सवाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चर्चमध्ये ती बाई दिसली. आम्ही खांबाआडून फोटो काढला आणि बाहेर आलो. तिच्याशी एक शब्दही बोललो नाही.

मागच्या महिन्यात आपल्या धर्मग्रामातली एक माता मुलाच्या वर्षश्राद्धाची मिस्सा लावायला कचेरीत आली. तिच्या परवानगीने, नाव न लिहिता, पुढचे सांगत आहोत. मिस्साची नोंद होईपर्यंत ती त्या फोटोकडे पाहत होती. मग तिने विचारले, "फादर, ही कुणाची आई?"

आम्ही म्हणालो, "माहीत नाही."

"कशासाठी रडते?"

"तेही माहीत नाही."

थोडा वेळ गेला. मग ती म्हणाली, "माझ्या लेकाला मातीत ठेवलं त्या दिवशी कुणीतरी माझं रडणं मोबाईलवर काढलं. मी दफनभूमीतून घरी पोचायच्या आधी पुण्याच्या नातेवाइकांनी ते पाहिलं होतं. कुणी काढलं ते मी विचारलं नाही. पण फादर, त्यानंतर मला लोकांसमोर रडताच येईना."

तिने तक्रार केली नाही. नोंदीची पावती घेतली, "जय येशू, फादर" म्हणाली आणि गेली. आम्ही मात्र त्या दिवशी भिंतीकडे पाहू शकलो नाही.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आमच्यापुढे एक प्रश्न नेहमी ठेवला जाई: एखादे कृत्य वाईट आहे असे म्हणताना त्यात नेमके कुणाचे काय जाते, ते आधी सांगा. त्या कसोटीवर हे पाहू. चोरीत वस्तू मालकाच्या हातून जाते. फोटो काढल्याने त्या बाईचे काय गेले? तिचा चेहरा तिच्यापाशीच राहिला, अश्रूही तिच्यापाशीच राहिले. मग 'चोरी करू नको' ही आज्ञा इथे लागू होते का?

आम्हाला वाटते, होते. आपले दुःख कुणापुढे उघडे करायचे आणि कुणापुढे नाही, हे ठरवण्याचा माणसाला हक्क आहे. त्या बाईने ते देवापुढे उघडे केले होते. आम्ही ते सोलापुरातल्या आमच्या भिंतीवर टांगले. देवासाठी वाहिलेली वस्तू वाटेतच उचलावी, तसे ते झाले. माणसाला केवळ साधन म्हणून कधीच वापरू नये, असे जर्मन तत्त्वज्ञ इमान्युएल कांट याने १७८५ साली लिहून ठेवले. आम्ही तो विचार परीक्षेत मांडून गुणही मिळवले होते. पण त्या बाईचे अश्रू आमच्या चांगल्या फोटोचे साधन झाले, हे खांबाआड उभे असताना आम्हाला सुचले नाही.

कुणी म्हणेल, फादर, मग फोटो काढूच नयेत काय? तसे नाही. फोटो नसते तर आपल्या आजीआजोबांचे चेहरेही आपल्याला आठवले नसते. सेकोंदो पिया या इटालियन गृहस्थाचे उदाहरण घ्या. आस्ती गावचा हा वकील हौसेने आपल्या भागातल्या जुन्या चर्चेसचे आणि वास्तूंचे फोटो काढत असे. १८९८ साली तुरिन येथील पवित्र कफनाचा पहिला फोटो त्यानेच काढला. कफन त्या वेळी इटलीच्या राजघराण्याच्या मालकीचे होते, म्हणून राजाची परवानगी घेतली गेली. काच धुतल्यावर उलट्या प्रतिमेत एक शांत चेहरा उमटलेला पाहून पिया थक्क झाला. ते वस्त्र किती जुने यावर वाद आहे. १९८८ च्या चाचणीने ते मध्ययुगातले ठरवले, तरी चर्चा थांबलेली नाही. तो वाद इथे बाजूला ठेवू. फोटो काढण्याआधी परवानगी मागायची असते, एवढे पियापासून आपण शिकू शकतो.

पुन्हा कुणी विचारील, मिरवणुकीत हजारो माणसे असतात, प्रत्येकाला कसे विचारायचे? प्रश्न रास्त आहे. म्हणून एक फरक ध्यानात घ्यावा. नंदीध्वज असो, व्हितेर्बोचा मनोरा असो किंवा आपली झावळ्यांच्या रविवारची मिरवणूक असो, लोक ती रस्त्यावर आणतात ती सर्वांनी पाहावी म्हणूनच. तिचा फोटो काढण्यात गैर काही नाही. मात्र गर्दीत एकटे मिटलेले डोळे, थरथरणारे ओठ, कबरीवर ठेवलेला हात, हे रस्त्यावर आणलेले नसते. मिरवणूक सर्वांची असते, अश्रू ज्याचे त्याचे असतात.

संत लूकच्या शुभवर्तमानात (७:३६-५०) प्रभू येशू शिमोन परुश्याच्या घरी जेवायला बसला आहे. एक बाई येते, अश्रूंनी त्याचे पाय भिजवते. शिमोन सगळे पाहतो आणि मनात तिची किंमत करून मोकळा होतो. तेव्हा प्रभू त्याला विचारतो, ही बाई तुला दिसते का? विचित्र प्रश्न आहे. ती समोरच तर होती! पण शिमोनाने तिच्या जागी एक पापीण पाहिली, बाई पाहिली नाही. आम्ही तिच्या जागी एक सुंदर चित्र पाहिले. शिमोनाने तिला कमी लेखले, आम्ही वाखाणले. दिसली ती दोघांनाही नाही.

आता क्रुसाच्या वाटेचे सहावे स्थान आठवा. वेरोनिकाची कथा शुभवर्तमानात नाही, ती परंपरेने आपल्यापर्यंत आली आहे. कालवारीच्या वाटेवर बघ्यांची गर्दी होती. त्यातून ही एक बाई पुढे झाली आणि तिने प्रभूच्या चेहऱ्यावरचे रक्त व घाम पुसला. त्याचा चेहरा तिच्या रुमालावर उमटला. ती चेहरा घ्यायला गेली नव्हती, चेहरा पुसायला गेली होती. प्रतिमा तिला मिळाली ती सेवेनंतर, न मागता. गर्दीत उभे राहून पाहणाऱ्यांपैकी कुणाच्याही हाती काही उरले नाही.

मराठीत आपण फोटो 'काढतो' आणि कर्जही 'काढतो'. कर्ज काढणाऱ्याला ते फेडावे लागते, हे आपण विसरत नाही. फोटो काढणाऱ्यानेही विसरू नये. म्हणून आम्ही स्वतःसाठी एक साधी कसोटी ठरवली आहे: हा फोटो त्या माणसाच्या हातात, त्याच्या डोळ्यांकडे पाहून, देता येईल का? येत असेल तर खुशाल काढावा. देताना आपली मान खाली जाणार असेल, तर कॅमेरा खिशात राहू द्यावा.

संक्रांतीला आपली तरुण मुले गड्ड्यावर जातील, सुटीत काही कुटुंबे गोव्याला, वेळांकण्णीला जातील. जरूर जा, फोटोही काढा. पण आधी थोडा वेळ नुसते उभे राहा. नंदीध्वज पेलून बाजूला झालेल्या माणसाला पाणी हवे का, ते विचारा. त्याचे नाव विचारा. मग तोच म्हणेल, काढा की फोटो.

आपल्या चर्चमध्येही दोन गोष्टी पाळू या. मिस्सा चालू असताना मोबाईल वर धरू नयेत. धर्मगुरू तुम्हाला अंतःकरणे उंच करायला सांगतो, मोबाईल नव्हे, अशी आठवण दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी ८ नोव्हेंबर २०१७ रोजी करून दिली होती, आणि त्यांनी आम्हा धर्मगुरूंचेही कान धरले होते. दुसरे, अंत्यविधीला आणि दफनभूमीत घरच्यांनी सांगितल्याशिवाय कुणीही फोटो वा चित्रण करू नये. त्या वेळी मोकळा हात शोक करणाऱ्याच्या खांद्यावर ठेवावा.

राहता राहिला तो फोटो. ती बाई कोण, कुठली, आज हयात आहे की नाही, काहीच माहीत नाही. त्यामुळे तिची क्षमा मागता येत नाही आणि तिचे ते परतही करता येत नाही. फाडून टाकावा असे वाटले, पण तेही सोपी सुटका वाटली. तो आता आमच्या प्रार्थनापुस्तकात आहे. रोज संध्याकाळची प्रार्थना म्हणताना तिच्यासाठी प्रार्थना करतो. नाव ठाऊक नसल्याने 'ती बाई' एवढेच म्हणावे लागते. आपणही तिची आठवण करावी, आणि आपल्यातल्या त्या मातेचीही.

प्रभू आपणा सर्वांना आशीर्वादित करो.

आपला,
धर्मगुरू