उःशाप

सातारा

चि. अनिरुद्धस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, "आत्या, आईच्या फोटोवर हात ठेवून बोललोय, सुहासच्या घराची पायरी चढणार नाही. भीष्माने कधी शब्द मोडला का?" त्या वेळी मला काही सुचलं नाही. रात्री झोप लागेना, म्हणून लिहायला बसले.

बाळा, भीष्माची गोष्ट तू अर्धीच धरलीस. देवव्रताने आधी राज्यावरचा हक्क सोडला. तेवढ्याने सत्यवतीच्या बापाचं, दाशराजाचं, समाधान होईना, उद्या तुझी मुलं हक्क सांगतील म्हणाला. तेव्हा त्याने जन्मभर ब्रह्मचारी राहण्याची प्रतिज्ञा केली. पुढे चित्रांगद आणि विचित्रवीर्य, दोघेही मूलबाळ न होता गेले. तेव्हा खुद्द सत्यवती त्याच्याकडे आली. जिच्या मुलांसाठी ही प्रतिज्ञा, तीच त्याला वंश चालव म्हणून विनवत होती. त्याने ऐकलं नाही. सगळे याला निष्ठा म्हणतात, पण मी इथे दर वेळी अडते. ज्याच्यासाठी शब्द दिला तोच सोडवायला आला, तर माणसाने मोकळं व्हावं. तुझी आई आज असती तर तिनेच तुझ्या हाताला धरून सुहासकडे नेलं असतं, हे तुलाही ठाऊक आहे.

आणि भीष्माने प्रतिज्ञा केली ती बापाच्या सुखासाठी. तू बोललास ते रागाने. ती प्रतिज्ञा नव्हे, शाप आहे. तुझं मला शृंगीसारखं वाटतं. परीक्षित राजा शिकारीत तहानलेला, भुकेलेला शमीक ऋषींपाशी आला. त्यांचं मौन होतं, उत्तर मिळेना, म्हणून धनुष्याच्या टोकाने मेलेला साप उचलून त्यांच्या गळ्यात टाकला आणि गेला. ऋषी शांत बसून राहिले. मुलगा शृंगी बाहेर होता. कृश नावाच्या सोबत्याने त्याला हिणवलं, बापाच्या गळ्यात साप आहे आणि तू मिरवतोस! झालं. सात दिवसांत तक्षक राजाला डसेल, हा शाप तोंडून गेला. वाटणीच्या दिवशी अंगणातही कुणीतरी म्हणालंच होतं ना, धाकट्याने थोरल्याला गुंडाळलं म्हणून? तुझ्या हातातला चहाचा कप तेव्हा थरथरत होता. मी समोरच बसले होते. त्याच वेळी तुला आत बोलावून घ्यायला हवं होतं, ते मी केलं नाही.

शमीकांना मुलाचं कौतुक वाटलं नाही. राजा आपलं रक्षण करतो, भुकेल्या माणसाच्या हातून चूक झाली, तू हे बरं केलं नाहीस, असं त्यांनी त्याला सुनावलं. शाप परत घेता येईना, तेव्हा त्यांनी गौरमुख नावाच्या शिष्याला राजाकडे धाडलं, निदान त्याने सावध तरी व्हावं म्हणून. ज्याने साप टाकला त्याच्यासाठी! मला साऱ्या महाभारतात हा म्हातारा फार जवळचा वाटतो.

आपल्या भाषेत उःशाप असा एक शब्द आहे. तो आपोआप मिळत नाही, कुणीतरी मागून आणावा लागतो. कालिदासाच्या शकुंतलेला दुर्वासांनी शाप दिला तेव्हा तिला पत्ताच नव्हता. प्रियंवदा मागे धावली, पाया पडली, तेव्हा कुठे ते म्हणाले, खुणेचा दागिना दिसला की शाप सुटेल. ऋषी स्वतःहून थांबले नसते.

म्हणून मीच सुहासशी बोलले. त्याच्या मुलीचं बारसं येत्या रविवारी माझ्या घरी ठेवलंय. तू त्याच्या पायरीबद्दल बोलला आहेस, माझ्या नाही. तुम्हां दोघांना सख्खी बहीण नाही, तेव्हा बाळाच्या कानात नाव मीच सांगणार. त्या वेळी आत्याच्या पाठीत धपका घालतात, तो तूच घाल. पाळणा तुझाच आहे, तुझ्या वेळचा. माळ्यावरून काढून पुसून ठेवलाय, पण एक कडी सैल झालीय. शनिवारी संध्याकाळीच ये आणि बघून घे.

तुझी,
आत्या